तिथे उंची मोजून घेतात

मुलीच्या अकरावीच्या वहीत मागची बरीच पानं कोरी राहिली होती. रद्दीत जाण्याआधी ती वही मी काढून ठेवली. दुपारी चक्की बंद असते आणि सासूबाई झोपलेल्या असतात, तेव्हा लिहिते. कोणाला दाखवायचं नाही म्हणून लिहिता येतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. साक्रीकडच्या आमच्या गावात शाळा तेवढीच होती. पाचवीला नदीपलीकडच्या गावी जावं लागे आणि पोरीला एकटं पाठवायचं कसं, हा प्रश्न घरात कोणी सोडवला नाही. लग्न होऊन धुळ्याला आले. सासरी पिठाची चक्की. त्यानंतरचं माझं सगळं लिहिणं डब्यांच्या झाकणावर झालं. कोणाचा डबा, गहू की बाजरी, जाड की बारीक, एवढं खडूने लिहायचं. बायका बोलत असतात, मी लिहीत असते. बोलायला मला पहिल्यापासून जमत नाही. घरात आम्ही अहिराणी बोलतो, पण लिहायला बसलं की शाळेतलीच भाषा येते, म्हणून तशीच लिहिते आहे.

घर आणि चक्की यांच्यामध्ये एक दार होतं. सासऱ्यांनी बसवलेलं, सागवानी चौकटीचं, ठेंगणं. त्यातून जाताना सगळेच मान खाली घालत. पाहुण्यांना आम्ही आधीच सांगत असू, जरा वाकून या.

मुलगी आठवीत माझ्या वर गेली. दहावीपर्यंत तिच्या वडिलांच्याही वर गेली. शाळेत तिला शेवटच्या बाकावर बसवत, कारण मागच्यांना फळा दिसत नसे. पोरं तिला बांबू म्हणत. चक्कीवर येणाऱ्या बायका म्हणत, हिला नवरा शिडी लावून शोधावा लागेल. त्या हसत, मीही ओठ हलवत असे. आणि मग घरात आल्यावर तिला म्हणत असे, "जरा वाकून चालत जा गं. चारचौघांत एवढं उंच दिसू नये."

हे मी एकदा नाही, दोन-तीन वर्षं म्हटलं आहे. ती आज्ञाधारक पोर. खांदे पुढे आले, मान खाली गेली, पाठीला बाक आला. दहावीनंतर पाठ दुखते म्हणून तिला दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हाडं तपासली आणि म्हणाल्या, हाडात काही दोष नाही, ही सवय आहे. मग त्यांनी विचारलं, "हिला वाकून चालायला कोणी सांगितलं?"

मी फरशीकडे पाहत राहिले. मुलीने माझं नाव घेतलं नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

बाक घालवण्यासाठी व्यायाम दिले होते. ती आठ दिवस करायची आणि सोडून द्यायची. ताठ उभी राहिली की दोन मिनिटांत आजूबाजूला बघायची, कोणी पाहतंय का, आणि पुन्हा खांदे गोळा करायची. पाठ अशीच राहिली तर पुढे दुखणं वाढेल, असं सांगितलेलं. मला दुखण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटत होती. ही आयुष्यभर अशीच लपत राहील. माझ्यासारखी.

फॉर्म आणला भाभीने. भाभी म्हणजे कोपऱ्यावरच्या कापड दुकानदाराची सून. तिचं माहेर राजस्थानात, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि दुकानाच्या वर तिचं पार्लर आहे. गव्हाचा डबा ठेवता ठेवता तिने एक कागद माझ्यासमोर धरला. जळगावला तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींची सौंदर्यस्पर्धा होती. भाभी म्हणाली, तुमच्या मुलीला पाठवा, अशी हाइट पूर्ण धुळ्यात शोधून मिळणार नाही.

मी कागद घेतला तो नाही म्हणता येत नाही म्हणून. डब्याखाली ठेवून दिला. संध्याकाळी पाहिलं तर तो डब्याखाली नव्हता. मुलीने भरलाही होता. नाव, वय, कॉलेज, सगळं तिच्या नेटक्या अक्षरात. फक्त खाली पालकांच्या सहीची जागा कोरी होती. तिने तो माझ्या उशीपाशी ठेवला. मागून घ्यायची सवय तिलाही नाही, तेवढी ती माझीच.

मी तो यांच्यासमोर ठेवला. यांनी चष्मा लावून दोन वेळा वाचला आणि म्हणाले, "तू ठरव."

इतक्या वर्षांत मी एकटीने ठरवलेलं काही असेल तर भाजी. तीही अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, बदलून सांगत. आणि आता हा कागद.

चक्कीवर बातमी कशी गेली माहीत नाही. भाभीनेच सांगितली असेल, तिच्या मनात काही वाईट नसतं. एका बाईने डबा तोलताना विचारलं, "काय, पोरीला बाजारात उभी करणार म्हणे?" दुसरी म्हणाली, तिथे मुलींना काय काय घालायला लावतात. तिसरीच्या भाचीचे फोटो कुठल्या कुठे फिरले होते. मी झाकणावर नावं लिहीत राहिले. त्यांचं सगळं खोटं होतं असं मला वाटलं नाही. माझ्याही मनात तेच होतं, फक्त त्या मोठ्याने बोलत होत्या.

बाजार हा शब्द मात्र मनातून जाईना. कारण मला आठवलं ते वेगळंच. मला बघायला आले होते तो दिवस. ओसरीवर सतरंजी, पाच माणसं, आणि त्यातल्या एका काकांनी सांगितलं, जरा चालून दाखव बेटा. मी भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत चालले आणि परत आले. पाय नीट आहेत का, ते बघायचं होतं. मग वर्तमानपत्र वाचायला दिलं, वेणी सोडून दाखवायला सांगितली. त्या दिवशी मला कोणी विचारलं नव्हतं, तुला चालून दाखवायचं आहे का. माणसं चांगली निघाली, घर चांगलं मिळालं, माझी तक्रार नाही. पण विचारलं नव्हतं, हे खरं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढा विचार करते आहे, पण मुलीला मीही काही विचारलेलं नाही.

ती गच्चीवर कपडे काढत होती. मी चिमटे हातात घेत घेत विचारलं, तुला का जायचं आहे. मला वाटलं, मुकुट म्हणेल, टीव्ही म्हणेल, मैत्रिणी म्हणेल. तिने एक चादर पूर्ण घडी केली आणि मग म्हणाली, "आई, तिथे उंची मोजून घेतात. कमी असली तर घेत नाहीत."

जिथे उंचीमुळे तिला मागे बसवणार नाहीत अशी एक जागा तिला सापडली होती, आणि तिला ती एकदा बघायची होती.

अक्कांना सांगणं बाकी होतं. मी भीत भीत सांगितलं. त्यांनी विचारलं, तठे काय करतस? मी म्हटलं, मुली चालतात, दोन शब्द बोलतात, प्रश्नांची उत्तरं देतात, आणि नंबर काढतात.

"चालाना बी नंबर देतस का?" अक्कांना खरंच आश्चर्य वाटलं. मग पायांवरून हात फिरवत म्हणाल्या, "इतली चालनू मी, माले कोनी नंबर दिधा नही."

अक्का तरुणपणी डोक्यावर दुधाची चरवी घेऊन गावातून धुळ्याला येत. त्यांच्या त्या बोलण्यावर मी हसले आणि तिथेच माझं निम्मं ठरलं.

निम्मं, कारण ती जागा कशी आहे, हे पाहायचं होतं. पालकांसाठी जळगावला एक बैठक होती. मी आणि भाभी एसटीने गेलो. छोट्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. स्पर्धा भरवणाऱ्या मॅडमनी सगळं सांगितलं. कपडे कोणते, फोटो कोण काढणार आणि कुठे देणार, मुलींजवळ आई किंवा घरची बाई असलीच पाहिजे. त्यांनी विचारलं, कोणाला काही विचारायचंय का. बायका फी विचारत होत्या, बक्षिसं विचारत होत्या. माझ्या पोटात एक प्रश्न होता आणि तो वर येत नव्हता. भाभीने माझा हातच धरून वर केला.

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "ज्या मुली जिंकणार नाहीत, त्यांना तुम्ही काय सांगता?"

मॅडम म्हणाल्या, "ताई, खरं सांगू? आम्ही सर्टिफिकेट देतो. बाकीचं घरी सांगायचं असतं. ते जमणार नसेल तर मुलीला आणू नका."

पुष्कळ बायकांना हे उत्तर आवडलं नाही. मला आवडलं. मोठं काही दाखवलं नाही आणि माझं काम माझ्याकडेच ठेवलं. घरी येऊन मी सही केली.

आता चालणं. भाभी म्हणाली, पार्लरमध्ये मोबाईलवर बघून शिकवते. दोन दिवस शिकवलं. पण टाचांच्या चपला मुलीच्या मापाच्या मिळेनात, आणि भाभीसमोर मोठ्या आरशात स्वतःला पाहिलं की मुलीचे खांदे पुन्हा पुढे. मग मी म्हटलं, चालायला मी शिकवते.

हे मी म्हटलं, त्याचं कारण कानबाई. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, कुंकू, पाटाभोवती साडी, केळीच्या खांबांमध्ये देवी. त्या आठवड्यात नैवेद्याच्या रोटाचे गहू दळायला सगळी गल्ली आमच्याकडे येते. चक्कीची जाती धुऊन पुसून घेतो, आधी मिरची-बाजरी काही टाकत नाही. आणि सोमवारी सकाळी देवी डोक्यावर घेऊन नदीवर न्यायची. ते आमच्या घरात मी करते. पहिल्या वर्षी नवी नवरी होते, डोक्यावर देवी आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. पाय उचलेना. तेव्हा अक्का कानाशी येऊन म्हणाल्या होत्या, "घाबरू नको. बठ्ठा देवीले देखतस, तुले कोन देखस?"

सगळे देवीला बघतात, तुला कोण बघतं, या एका वाक्यावर मी इतकी वर्षं चालले आहे. वर्षातून एक दिवस भर रस्त्याच्या मधोमध ताठ मानेने चालणारी बाई मी आहे, हे कोणाला सांगून पटणार नाही. मान हलली तर देवी हलते, म्हणून मान हलत नाही. पाठ आपोआप सरळ राहते.

तेच मी मुलीला शिकवलं. गच्चीवर, सकाळी, पाटावर गव्हाने भरलेला तांब्या ठेवून तो पाट तिच्या डोक्यावर दिला. पहिल्या दिवशी तांब्या तीनदा पडला, चिमण्यांची चंगळ झाली. मग पडेनासा झाला. महिनाभर रोज सकाळी ती गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची आणि मी पाण्याच्या टाकीपाशी बसून बघायची. पंधरा दिवसांनी पाट काढला तरी खांदे जागेवर राहायला लागले. खाली अक्का विचारायच्या, पोर पडनी का तांब्या पडना? मी वरून सांगायची, काही नाही पडलं.

मी तिला सगळं शिकवलं, जसं मला येत होतं तसं. पाय घसटत नाही न्यायचा, नजर समोर ठेवायची. आणि प्रत्येक दारापाशी थांबायचं. कानबाई निघाली की दारोदारच्या बायका ओवाळायला बाहेर येतात, पायांवर पाणी घालतात, त्यांच्यासाठी थांबावं लागतं. न थांबता पुढे गेलं तर अपमान होतो. गच्चीवर दारं नव्हती, तर मी खडूने तीन रेघा मारल्या होत्या. तिथे थांबायचं, समोरच्याला पाहू द्यायचं, मग पुढे. मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. माणसांमधून चालायचं म्हणजे असंच चालायचं, हेच मला माहीत होतं.

थंडीत स्पर्धा झाली. एसटीने जळगाव, तिथून रिक्षाने हॉल. कपडे बदलायच्या खोलीत तीस-पस्तीस मुली आणि तेवढ्याच आया. दारापाशीच भिंतीला टेप लावून उंची मोजत होते. मोजणाऱ्या मुलीने आकडा मोठ्याने वाचला आणि शीळ घातली. माझी पोरगी लाजली, पण वाकली नाही. मला वाटलं, आलो ते काम झालं, आता इथूनच परत गेलो तरी चालेल.

सगळं चांगलंच होतं असं नाही. एक आई मुलीला पोहे खाऊ देत नव्हती, पोट दिसेल म्हणून. ती मुलगी माझ्या डब्याकडे बघत होती. मी तिच्या आईची पाठ वळल्यावर दशमीचा एक तुकडा तिच्या हातात दिला आणि तिने तो न चावता गिळला. ती पोर तिथे कोणासाठी आली होती, ते मला समजलं. स्वतःसाठी नाही.

मी प्रेक्षकांत जाऊन बसले. भाभी दुकानामुळे आली नव्हती, मी एकटीच. मुलींचे नंबर पुकारत, गाणं सुरू होई, मुलगी झपझप पुढे येई, कमरेवर हात ठेवून वळे आणि झपझप परत जाई. प्रत्येकीला गाण्याचा अगदी थोडा तुकडा होता. चार-पाच मुली झाल्या आणि माझ्या लक्षात आलं. कोणीच थांबत नव्हतं. दारं नव्हतीच तिथे.

तिला सांगायला जावं तर वेळ नव्हता. तिचा नंबर पुकारला.

ती आली. भाभीने दिलेला गडद हिरवा लांब ड्रेस, पायांत साध्या सपाट मोजड्या. गाणं धावत होतं आणि ती कानबाईच्या चालीने येत होती. पहिल्या रेघेपाशी, म्हणजे जिथे गच्चीवर पहिली रेघ होती तेवढ्या अंतरावर, थांबली. शांत उभी राहिली. मग निघाली. दुसऱ्या थांब्यावर पोचली आणि गाणं संपलं. ती रंगमंचाच्या मधोमध.

सूत्रसंचालन करणारा माइकवर म्हणाला, "ताई, बस चुकेल हं." हॉल हसला. फार वाईट हसणं नव्हतं ते, पण हसणंच होतं. मी पाहिलं, तिचे खांदे हलले. आधी डावा, मग उजवा. तीच जुनी हालचाल, मला पाठ असलेली. तिची नजर समोर कोणाला तरी शोधत होती.

मला अक्कांचं वाक्य आठवलं आणि ते तिथे कामाचं नाही हेही कळलं. तिच्या डोक्यावर देवी नव्हती. लोक तिलाच पाहत होते.

मी उभी राहिले. का ते सांगता येणार नाही. हाक मारणं मला शक्य नव्हतं, हात हलवणंही नाही. नुसती उभी राहिले, खुर्च्यांच्या मधोमध, ताठ, डोक्यावर काही असल्यासारखी. मागची बाई म्हणाली, "ओ ताई, बसा ना, दिसत नाही." आयुष्यात पहिल्यांदा माझ्यामुळे कोणाला तरी दिसत नव्हतं. मी बसले नाही.

तिने मला पाहिलं. खांदे मागे गेले. आणि ती पुढे निघाली, गाण्याशिवाय. मोजड्यांचा आवाज ऐकू येत होता. तिसऱ्या थांब्यापर्यंत आली, थांबली, सगळ्यांना पाहू दिलं, वळली आणि त्याच चालीने परत गेली. एकही पाऊल घाईने टाकलं नाही. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. मग पुष्कळांनी वाजवल्या. मी बसले तेव्हा मागच्या बाईने माझ्या खांद्याला हात लावून विचारलं, तुमची का? मी मान हलवली. तिने पाण्याची बाटली पुढे केली. तिचा चेहरा मला आता आठवत नाही, पण पाण्याची चव आठवते.

पुढच्या फेरीत तिचं नाव नव्हतं. सर्टिफिकेट मिळालं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली आणि एरंडोल यायच्या आधी रडायला लागली. मॅडम म्हणाल्या होत्या ते घरी सांगायचं काम आता माझ्यासमोर होतं. मी खरं होतं तेच सांगितलं. म्हटलं, चूक माझी झाली, मी तुला देवीचं चालणं शिकवलं, मला दुसरं येत नव्हतं. ती रडता रडता थांबली. विचारलं, थांबायचं नसतं का? मी म्हटलं, तिथे नसतं. मग तिला हसू फुटलं. हसता हसता पुन्हा रडली. पारोळ्याला उरलेली दशमी-चटणी आम्ही दोघींनी खाल्ली.

खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "आई, तू उभी राहिलीस तेव्हा मला वाटलं, आपण गच्चीवर आहोत."

घरी आल्यावर सर्टिफिकेट अक्कांनी हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि देवघरात ठेवलं. यांनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, चांगलं झालं. तेवढंच.

आणि मग एक गंमत झाली. दुसऱ्या दिवशी मुलगी चक्कीत डबा द्यायला गेली आणि तिचं कपाळ मधल्या दाराच्या चौकटीवर आपटलं. दोन दिवसांनी पुन्हा. आठवड्यात तिसऱ्यांदा आपटलं, तेव्हा टेंगूळ आलं. मी हळद लावत होते. अक्का म्हणाल्या, आंधळी शे का पोर, इतली वरीसनं दार शे. हळद लावताना माझ्या लक्षात आलं होतं. एवढी वर्षं तिला ते दार लागलं नव्हतं, कारण ती आधीच वाकलेली असायची.

यांच्याही लक्षात आलं होतं, हे मला मंगळवारी कळलं. मंगळवारी आमची चक्की बंद असते. सकाळी गवंडी आला, त्याच्या मागे सुतार. दुपारपर्यंत सासऱ्यांची चौकट भिंतीतून निघाली आणि संध्याकाळपर्यंत दार हातभर वर गेलं. मी विचारलं, अचानक का? हे सिमेंटचे हात धूत म्हणाले, "वाळवी लागली होती चौकटीला."

ती चौकट मी रोज पुसते. सागाला वाळवी नव्हती. पण मी हो म्हटलं.

आता चक्कीवरच्या बायका कधी कधी विचारतात. ज्यांनी बाजार म्हटलं होतं त्यांच्यातलीही एक विचारून गेली, तिची नात तेरा वर्षांची झाली आहे. काय म्हणता, पाठवावं का अशा ठिकाणी, काही फायदा होतो का? मला मोठं उत्तर येत नाही. मी म्हणते, आधी मुलीलाच विचारा, का जायचं आहे. उत्तर तिचं असेल तर तुम्ही सोबत जा, आणि डबा न्या. उत्तर तुमचं असेल तर राहू द्या. तिथे कोणी थांबत नाही, हेही सांगते.

या वर्षी फॉर्म पुन्हा आला. मुलीने वाचला आणि म्हणाली, बारावी होऊ दे, मग बघू, आणि गेलेच तर या वेळी भाभीकडून चालायला शिकेन. मला अजिबात वाईट वाटलं नाही. फॉर्म डब्याखाली आहे. या वेळी तो तिथेच राहिला आहे.

भाभीने कागद आणला, अक्कांनी अडवलं नाही, मॅडम खरं बोलल्या, मागच्या बाईने पाणी दिलं, यांनी न सांगता दार वर नेलं. यांतल्या कोणाचेही मी आभार मानलेले नाहीत. तोंडाने जमत नाही, म्हणून इथे लिहिलं.

आणि माझं असं आहे की मी जेमतेम पाच फुटांची. त्या जुन्या दारातूनही मला वाकायची गरज कधीच नव्हती. सगळे वाकायचे म्हणून मीही वाकायची. अजूनही हातात पिठाचा डबा असला की तिथे माझी मान आपोआप खाली जाते. मग मागून पोरगी म्हणते, "आई, दार वर गेलंय."